दप्तराविना १० दिवस, पण न्यायचं कुठे?
मुलं वर्गाबाहेर शिकली की धीट होतात, असं एका लेखात वाचलं आणि पटलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवस सुचवलेलेच आहेत. आमच्याकडे त्याची सहल होते: वेरूळ, दौलताबाद, सेल्फी, परत. त्यापेक्षा जालना जिल्ह्यातल्या कडवंचीला न्या. पाणलोटाची (पावसाचं पाणी अडवून जिरवायची) कामं, शेततळी, द्राक्षबागा एकाच शिवारात दिसतात. उतारावर एका पातळीतल्या जागा शोधायचं साधनही पोरं स्वतः बनवतील: दोन सारख्या काठ्या वर जोडलेल्या, एक आडवी, वरून सोडलेल्या दोरीला दगड, झाली 'ए' फ्रेम! दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशा जागा जोडणारी समपातळी रेषा, जिच्यावर पाणी अडवायला चर खणतात, ती पोरांनाच आखू द्या, मग बघा मोठ्यांना कसं समजावून सांगतात. फक्त मे महिन्यात नको बुवा, आमचं ऊन माहितीये ना! आणि मुलींना नुसतं नोंदवहीवर बसवू नका, टिकाव त्यांच्याही हातात द्या.