खुलासा: बाल्टिकच्या गाळातली अंडी मेलेली नाहीत

‘बाल्टिक समुद्राच्या तळाशी प्राणवायू उरला नाही, म्हणजे तिथल्या प्राणिप्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांची) अंडीही संपली’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातला पहिला भाग बऱ्याच खोल पट्ट्यांबाबत खरा आहे. दुसरा ओढूनताणून काढलेला.

या प्लवकांतले कोपेपॉड, म्हणजे बारीक कवचधारी जीव, दोन तऱ्हेची अंडी घालतात. लगेच फुटणारी अंडी प्राणवायूविना फार तग धरत नाहीत. सुप्त अंड्यांचं तसं नाही. मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं ते अंडं चयापचय जवळपास बंद करून काळ्या, कुजकट वासाच्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं. अशा प्राणवायू नसलेल्या ‘मृतपट्ट्या’तला गाळ प्रयोगशाळेत आणून त्याला प्राणवायू दिल्यावर पिल्लं बाहेर पडलेली आहेत. आर्टेमियाचे भ्रूण तर (हा खाऱ्या सरोवरांतला जीव, पण कवचधारीच) पाण्यात भिजलेले असूनही प्राणवायूविना ४ वर्षं जगले, हे जीवशास्त्रज्ञ जेम्स क्लेग यांनी १९९७ मध्ये दाखवलं.

प्राणवायूअभावी अडतं ते अंडी फुटणं. अर्थात ‘प्राणवायू सोडा, सगळं पूर्ववत होईल’ हेही पुढे पाठवू नका. वर्षागणिक काही अंडी मरतातच, आणि गाळात खोल गाडली गेलेली अंडी कोणी उकरून वर आणल्याशिवाय फुटत नाहीत.