सादाको ओगाता कुणा राजदूताची बायको नव्हत्या

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक मेसेज आला. एकाच दिवसात तिघींनी तोच टाकला, म्हणजे बाहेर तो किती फिरत असेल बघा. सोबत एका ठेंगण्या जपानी बाईंचा फोटो, अंगात बुलेटप्रूफ जॅकेट. मजकूर थोडक्यात असा: ‘ही राजदूताची बायको. पणजोबा पंतप्रधान, आजोबा परराष्ट्रमंत्री. आयुष्यभर घर सांभाळलं, वेळ जावा म्हणून एका कॅथलिक विद्यापीठात कारभार पाहिला. नन्सच्या हाताखाली शिकलेली, दानधर्मापलीकडे काही ठाऊक नाही. त्रेसष्टाव्या वर्षी जपानच्या पैशावर संयुक्त राष्ट्रांत खुर्ची मिळाली. बोस्नियात लोकांना घरातून हुसकायला मदत केली, आफ्रिकेत खुन्यांना पोसलं आणि जॅकेट घालून फोटो काढले.’

त्या बाई म्हणजे सादाको ओगाता. १९९१ ते २००० अशी दहा वर्षं त्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त होत्या, त्या पदावरची पहिली बाई. मला हा मेसेज जरा जास्तच लागला, त्याचं कारण सांगते. मी मुंबईच्या सोफिया कॉलेजात शिकले. ते सेक्रेड हार्ट या कॅथलिक संघाच्या सिस्टर्सनी १९४० साली काढलं. त्याच संघानं १९४८ साली टोकियोत मुलींसाठी विद्यापीठ काढलं आणि त्याच्या पहिल्या तुकडीतून ओगाता १९५१ साली पदवीधर झाल्या. एका अर्थी ही आमच्याच घरातली मोठी बहीण. तिच्याबद्दल असं काहीबाही फिरत असताना गप्प बसणं मला जमणार नाही.

सुरुवातीलाच घोळ आहे. ओगातांचे यजमान शिजुरो ओगाता बँक ऑफ जपानमध्ये होते, राजदूत नव्हते. वकिलातीत नोकरीला होते ते सादाकोंचे वडील. त्यांच्याबरोबर फिरताना तिचं लहानपण सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड, चीन आणि हाँगकाँग इथे गेलं. आणि कुटुंबात पुढे राजनैतिक अधिकारी कुणी झालं असेल, तर त्या स्वतः. १९७६ साली न्यूयॉर्कमधल्या जपानच्या संयुक्त राष्ट्रांतल्या कार्यालयात त्या मिनिस्टर दर्जाच्या (म्हणजे राजदूताच्या खालोखालच्या) पदावर गेल्या. जपानकडून तोपर्यंत त्या पायरीवर एकही बाई पोचलेली नव्हती. बाई राजनैतिक वर्तुळात दिसली की ती कुणाची तरी बायकोच असणार, हे मेसेज लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं. एवढी एक चूक सुधारली तरी त्या मेसेजचा निम्मा डोलारा कोसळतो.

घराण्याचं म्हणणं मात्र खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पणजोबा इनुकाई त्सुयोशी पंतप्रधान होते. त्यांच्याच मंत्रिमंडळात आजोबा केनकिची योशिझावा परराष्ट्रमंत्री होते. पण मेसेज इथेच थांबतो आणि खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. १५ मे १९३२ रोजी नौदलाचे तरुण अधिकारी पंतप्रधानांच्या घरात शिरले आणि त्यांनी इनुकाईंना गोळ्या घातल्या. त्याच्या आदल्या सप्टेंबरात ईशान्य चीनमधल्या मंचुरियात जपानच्याच क्वांतुंग सेनेतल्या अधिकाऱ्यांनी जपानच्याच मालकीच्या रेल्वेरुळांवर स्फोट घडवला, आळ चिन्यांवर घेतला आणि मुलूख गिळायला सुरुवात केली. टोकियोतलं सरकार त्यांना आवरू शकलं नाही. पणजोबा गेले तेव्हा ही पोर चार वर्षांची होती, तीही सातासमुद्रापार अमेरिकेत.

मोठी झाल्यावर या मुलीनं काय केलं? नेमका हाच विषय घेतला. अमेरिकेत जॉर्जटाउन या जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) विद्यापीठातून १९५३ साली एम. ए. आणि मग बर्कलीतून १९६३ साली डॉक्टरेट. प्रबंध मंचुरियावर: सैन्य सरकारला जुमानेनासं होतं तेव्हा परराष्ट्रधोरण प्रत्यक्षात ठरवतं कोण, कागदावर कुणाची सही असते आणि निर्णय कुणाचा असतो. पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक झालं. ज्या घटनाक्रमात आपल्या घरातला माणूस मारला गेला त्याची एकेक कडी शांतपणे तपासणं म्हणजे घराण्याच्या पुण्याईवर जगणं नव्हे. पणजोबांच्या नावानं दारं उघडली असतील. प्रबंध कुणी लिहून दिला नाही.

‘आयुष्यभर घर सांभाळलं’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. घर त्यांनी सांभाळलंच. दोन मुलं वाढवली. १९६५ पासून टोकियोतल्या इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत शिकवत होत्या. १९६८ साली फुसाए इचिकावा यांनी त्यांना गळ घातली. जपानी बायकांना मताधिकार मिळावा म्हणून ज्यांनी हयात घालवली त्याच या इचिकावाबाई. त्यांचं म्हणणं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला जाणाऱ्या जपानच्या शिष्टमंडळात तू जा. घरात लहान मूल असताना महिनोन्‌महिने न्यूयॉर्क! आपल्याकडे अशा वेळी चार माणसं काय बोलतात ते मला सांगायला नको. इथे मात्र वडील आणि यजमान दोघंही पाठीशी राहिले आणि त्या गेल्या. नंतर युनिसेफच्या कार्यकारी मंडळाचं अध्यक्षपद, १९७९ साली कंबोडियन निर्वासितांची पाहणी करायला थायलंडच्या सीमेवर गेलेल्या जपानी पथकाचं नेतृत्व, १९८२ ते ८५ मानवी हक्क आयोगावर जपानचं प्रतिनिधित्व, १९९० साली म्यानमारमधल्या मानवी हक्कांची चौकशी. त्रेसष्टाव्या वर्षापर्यंतची ही घरबसली बाई! मधल्या बावीस वर्षांचा हिशेब ‘घर सांभाळलं’ या दोन शब्दांत कसा बसवता?

आता कॅथलिक विद्यापीठ. सोफिया युनिव्हर्सिटी (नावं सारखी असली तरी आमच्या कॉलेजाशी तिचा संबंध नाही) जेझुइटांनी १९१३ साली टोकियोत काढली. ओगाता तिथे १९८० मध्ये प्राध्यापक म्हणून आल्या, पुढे तिथल्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या संस्थेच्या संचालक आणि १९८९ साली परदेशी अभ्यासांच्या विद्याशाखेच्या डीन झाल्या. हा वेळ घालवायचा उद्योग म्हणणाऱ्यानं विद्याशाखा चालवणं म्हणजे काय असतं ते कधी पाहिलेलं नसावं. मी स्वतः पंधरा वर्षं एका महाविद्यालयात विभाग सांभाळला आहे. हट्टी, हुशार, एकमेकांचं न ऐकणारी माणसं एका टेबलाशी बसवायची, तुटपुंज्या पैशात वर्ष काढायचं आणि निर्णय झाला की त्याचं खापर आपल्या डोक्यावर घ्यायचं. पुढे जिनिव्हात, निर्वासितांच्या कार्यालयात, त्यांना पहिल्या वर्षापासून हेच करावं लागलं.

आणि ‘दानधर्मापलीकडे काही ठाऊक नाही’? त्या कॅथलिक होत्या, श्रद्धाळू होत्या. पण त्यांच्या कॅथलिक वर्तुळात निर्वासितांचा प्रश्न देवळापुढच्या भिक्षेसारखा कधीच पाहिला गेला नाही. १९७९ च्या सुमारास इंडोचायनातून माणसं होड्यांत बसून पळत होती, तेव्हा सोफियाचे अध्यक्ष जुझेप्पे पित्ताऊ विद्यार्थ्यांना घेऊन शिंजुकु स्टेशनबाहेर निधी गोळा करायला उभे राहिले. १९८० साली जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी निर्वासितांसाठी स्वतंत्र संस्था सुरू केली. अणुबॉम्ब पडला त्या दिवशी हे अरुपे हिरोशिमात होते आणि जखमींवर त्यांनी उपचार केले होते. ओगाता १९८० साली ज्या विद्यापीठात रुजू झाल्या त्याची हवा ही अशी होती.

जपानच्या पैशाचा मुद्दा एका परिच्छेदाचा आहे. जपान त्या कार्यालयाचा मोठा देणगीदार होता आणि टोकियोनं त्यांची उमेदवारी लावून धरली, हे खरं. पण खुर्ची कसली मिळाली होती ते पाहा. आधीचे उच्चायुक्त झां-पिएर ओके खर्चावरून झालेल्या आरोपांनंतर १९८९ मध्ये राजीनामा देऊन गेले. त्यांच्या जागी आलेले स्टोल्टेनबर्ग वर्ष पुरं व्हायच्या आत नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री व्हायला परतले. तिजोरीत खडखडाट होता. आणि पैशानं पहिली नेमणूक होत असेलही, पण आमसभेनं त्यांना पुढे दोनदा पुन्हा निवडलं. शिवाय स्वतः जपान निर्वासितांना दारात उभं करत नाही, हे ओगाता जपानी लोकांना तोंडावर सुनावत आल्या. पैसे देणाऱ्याचं मिंधं माणूस असं बोलत नाही.

मेसेजमधला एकच आरोप गंभीर आहे, बोस्निया आणि आफ्रिकेचा. तो गांभीर्यानंच घ्यायला हवा, कारण तो काही प्रामाणिक लोकांनीही केलेला आहे.

आधी एक मागची गोष्ट. एप्रिल १९९१. इराकात सद्दामच्या सैन्यापुढे लाखो कुर्द उत्तरेकडे पळाले. इराणनं दहा लाखांहून अधिक माणसं आत घेतली. तुर्कस्ताननं सीमा बंद केली आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसं बर्फाळ डोंगरात अडकली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित म्हणजे स्वतःच्या देशाची सीमा ओलांडलेला माणूस. हे तर अजून इराकातच होते, म्हणजे नियमानं ओगातांच्या कार्यालयाचे कुणीच नव्हते. कार्यालयातल्या जुन्या जाणत्यांत दोन तट पडले. आज सीमेच्या आत जाऊन मदत केली तर उद्या प्रत्येक देश म्हणेल, आमची दारं बंद, तिकडेच मदत करा. ही भीती खोटी नव्हती. ओगातांनी सगळ्यांचं ऐकलं आणि आत जायचं ठरवलं. नोकरीत रुजू होऊन जेमतेम काही महिने झाले होते.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात युद्ध पेटलं आणि हाच पेच उलटा होऊन आला. तिथे माणसांना घराबाहेर काढणं हेच युद्धाचं उद्दिष्ट होतं. बसमध्ये बसवून बाहेर नेलं तर हुसकणाऱ्यांचं काम सोपं होतं. नाही नेलं तर माणसं तिथेच मारली जातात. ओगातांच्या तिथल्या अधिकाऱ्यांनी निवड केली: विस्थापित वाढले तरी चालतील, प्रेतं वाढायला नकोत. १९९३ च्या मार्चमध्ये सर्बांनी वेढलेल्या स्रेब्रेनित्सा या गावाला मदत घेऊन गेलेल्या ट्रकांवर परतीच्या वाटेला बायका-मुलांची अशी झुंबड उडाली की काही जण त्या रेटारेटीत दगावले. मग बोस्नियाच्याच सरकारी अधिकाऱ्यांनी हे स्थलांतर थांबवलं. दोन वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, त्याच गावचे आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे सर्ब सैन्यानं मारले. ‘लोकांना घरातून हुसकायला मदत केली’ असं लिहिणाऱ्याला मला एवढंच विचारायचं आहे की त्या ट्रकातून सुटलेल्या बाईला तो काय सांगेल?

ओगाता मुकाट मदत वाटत बसल्या असंही नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये एक बाजू (सर्ब) मदत अडवते आहे, दुसरी बाजू (बोस्नियाचं सरकार) निषेधापोटी ती नाकारते आहे, हे पाहून त्यांनी बोस्नियातलं बहुतेक काम बंद केलं. सरचिटणीस बुत्रोस-घालींनी काही दिवसांत तो निर्णय फिरवला. पण दानधर्मापलीकडे काही न कळणारी बाई मदत हेच हत्यार होतंय म्हणून ती थांबवत नाही. सत्ता बंदूकवाल्यांच्या हाती जाते तेव्हा काय होतं, हे ती मंचुरियाच्या कागदांत वाचून आलेली होती.

गोमा. जुलै १९९४. रवांडातून चार-पाच दिवसांत दहा लाखांच्या घरात माणसं शेजारच्या झाइरच्या (आजच्या काँगोच्या) या गावात येऊन पडली. पटकीनं पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० दगावली. खाली ज्वालामुखीचा कातळ, कबर खणायलासुद्धा माती नाही. आणि या गर्दीतच ज्यांनी नुकतीच रवांडात तुत्सी जमातीची कत्तल केली ते सैनिक आणि टोळ्या होत्या. छावण्या त्यांच्या ताब्यात गेल्या, धान्याचं वाटप त्यांच्या हातात गेलं. फ्रान्सच्या डॉक्टरांच्या संघटनेनं नोव्हेंबरात हात झटकून छावणी सोडली. तो निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पण ओगातांना तो मार्ग मोकळा नव्हता. त्या निघून गेल्या असत्या तर मागे उरलेली लाखो बायका-पोरं कुणाच्या भरवशावर राहिली असती? त्यांनी शस्त्रधाऱ्यांना वेगळं काढायला आंतरराष्ट्रीय फौज मागितली. सरचिटणीसांनी देशोदेशी विचारणा केली, फौज काही आली नाही. शेवटी १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी झाइरच्याच अध्यक्षांच्या रक्षकदलातले १,५०० सैनिक पगार देऊन छावण्यांच्या बंदोबस्ताला लावले. निर्वासितांच्या कार्यालयानं सैनिक पदरी बाळगणं किती लाजिरवाणं, हे जगानं म्हणावं आणि आपला एक शिपाईही पाठवू नये!

एका ठिकाणी मात्र मी त्यांचा बचाव करणार नाही. रवांडातून पळालेली बरीच माणसं टांझानियातही होती. डिसेंबर १९९६ मध्ये टांझानियाच्या सरकारबरोबर त्यांच्या कार्यालयानं संयुक्त निवेदन काढलं: सगळ्या रवांडनांनी महिनाअखेर परत जावं. सैन्यानं माणसं सीमेकडे वळवली. परत जाणं स्वेच्छेनं असावं, हा त्या कार्यालयाचा पायाच होता आणि तो तिथे ढळला. टीका करायचीच तर ती ही आहे. मेसेज लिहिणाऱ्याला तिचा पत्ताच नाही.

राहिला जॅकेटातला फोटो. ओगाता पहिल्यांदा बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत, गेल्या त्या जुलै १९९२ मध्ये, वेढ्यातल्या शहराला विमानानं अन्न पोचवायला नुकती सुरुवात झाली होती तेव्हा. ती उड्डाणं पुढे जानेवारी १९९६ पर्यंत चालली, बर्लिनच्या हवाई पुलापेक्षाही जास्त काळ. बारा हजारांवर फेऱ्या आणि सुमारे १,६०,००० टन माल. ३ सप्टेंबर १९९२ रोजी ब्लँकेटं घेऊन येणारं एक इटालियन विमान उतरण्याआधीच पाडलं गेलं. आतले चौघंही गेले. महिनाभर उड्डाणं थांबली, मग पुन्हा सुरू झाली. त्या विमानतळावर उतरणारा प्रत्येक माणूस तसलंच जॅकेट घालून उतरत होता.