मावशी आत आल्या ८:५२

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या हजेरीचा स्क्रीनशॉट टाकला. महिनाभराच्या येण्याजाण्याच्या वेळा, सात लाल ठिपके, खाली "पगार कापायला पाहिजे", आणि त्यावर अकरा अंगठे. अकरा! मावशी दिव्याहून मुलुंडला येतात हो, सकाळच्या स्लो लोकलमध्ये दिव्याला एकदा चढून दाखवा, मग ८:५२ वर बोला.

गेटवर येण्याजाण्याची नोंद ठेवणारं हे अ‍ॅप आलं तेव्हा वॉचमननेच मावशींचा फोटो काढला, नंबर टाकला आणि इंग्रजीतल्या 'आय अ‍ॅग्री'वर स्वतःच बोट दाबलं. झाली संमती. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती म्हणाले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, २०२३ चा डेटाचा कायदा म्हणतो की संमती मागताना ते मराठीतही वाचायला मिळालं पाहिजे (त्याच कायद्यात सरकारने आपल्या यंत्रणांना सूट द्यायची सोयही करून ठेवलीय, ते वेगळंच), पण आमच्या गेटपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही. मॉलमध्ये बिलाला मोबाइल नंबर मागितला की आपण तणतणतो, नाही देणार म्हणतो. मावशींनी गेटवर नाही म्हणायचं आणि जायचं कुठे?

हो, बी विंगमधली सायकल कॅमेऱ्यामुळे सापडली, मान्य.

"चाळीत कुठे होती प्रायव्हसी" हेही येईलच आता कमेंटमध्ये. नव्हतीच. गिरगावात वाढलेय मी, आमच्याकडे कोण आलं-गेलं ते समोरच्या काकूंना गॅलरीतून दिसायचं, पण काकूंकडे रात्री कशावरून वाजलं ते आम्हालाही ऐकू यायचं ना! फिटंफाट. आणि काकूंनी ते तारीखवार लिहून नाही ठेवलं कधी.

ग्रुपवर हे सगळं टाइप केलं आणि पुसलं. कारण खरं सांगू का, गेल्या महिन्यात ऑफिसात बसून मीच बघितलं होतं मावशी किती वाजता गेल्या ते. काही अडलं नव्हतं. दिसतंय म्हणून बघितलं.

मावशींना सांगितलं शेवटी. भांडी घासत होत्या, नळ बंद केला, पदराला हात पुसून माझा मोबाइल घेतला आणि अंगठ्याने सरकवत सरकवत सगळ्या तारखा बघितल्या. १४ तारखेवर थांबल्या. "ह्या दिवशी नातवाला ताप होता." मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही हापिसात किती वाजता पोचता ते माझ्या फोनात दिसतं का?"

नाही म्हटलं. हसल्या, नळ सोडला परत.

१०:१४ ला माझा फोन वाजला. मावशी गेटबाहेर पडल्या.