लिनक्सवर ‘सगळं तसंच’ चालत नाही

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एक मेसेज फिरू लागला: ‘जुना पीसी फेकू नका, लिनक्स टाका. सगळे प्रोग्राम चालतात, व्हायरस येत नाही, मशीन नव्यासारखं पळतं, टर्मिनल उघडावंही लागत नाही.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि टर्मिनल म्हणजे तिला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी. मी रोज लिनक्सच वापरतो, म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. असल्या भुलीने आलेली माणसं चिडून परत जातात.

‘सगळे प्रोग्राम चालतात.’ नाही चालत. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस आहेतच. पण फोटोशॉप, ऑटोकॅड, डेस्कटॉपवरचं एक्सेल यांची लिनक्स आवृत्तीच निघत नाही. वाइन नावाच्या सॉफ्टवेअरच्या मदतीने विंडोजचे बरेच छोटे प्रोग्राम चालतात. नव्या फोटोशॉपचा मात्र भरवसा धरू नये. एक्सेलची साधी शीट लिब्रेऑफिसमध्ये नीट उघडते, मॅक्रोंनी (शीटमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांनी) भरलेली अडते. गेमचं म्हणाल तर २०१८ मध्ये व्हॉल्व या गेम कंपनीने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून चित्र पार पालटलंय. तरी व्हॅलोरंट हा गेम नाहीच, कारण त्याचं अँटी-चीट (खेळातली फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसतं. ज्या एका सॉफ्टवेअरवर तुमचं पोट आहे तेच चालत नसेल, तर मेसेजमधलं बाकी सगळं खरं निघूनही काय उपयोग?

‘व्हायरस येत नाही.’ कमी येतात. प्रोग्राम कुठल्याही साइटवरून न उचलता डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तयार संचाच्या) रिपॉझिटरीतून, म्हणजे अधिकृत भांडारातून घेतले जातात, हे त्याचं एक मोठं कारण. पण मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत (फाइली आकसवणाऱ्या, इतर प्रोग्रामही वापरतात अशा कोडमध्ये) बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, सापडलाच. त्या बॅकडोअरमुळे एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा एका प्रोग्रामरने छडा लावला, म्हणून बहुतेक डिस्ट्रोंच्या स्थिर आवृत्त्या वाचल्या. आणि बँकेच्या खोट्या पानावर तुम्ही स्वतःच पासवर्ड टाकलात, तर कुठलीही सिस्टिम काय करणार?

‘नव्यासारखं पळतं.’ सिस्टिम हलकी होते, वेबसाइट होत नाहीत. ४ जीबी रॅमवर ढीगभर टॅब उघडले की लिनक्सलाही धाप लागते. जुन्या मशीनला खरा जीव येतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर. मग आत विंडोज असो की लिनक्स.

टर्मिनल? मिंट या डिस्ट्रोवर महिनोन्‌महिने लागत नाही. वाय-फायची चिप आडमुठी निघाली तर पहिल्याच संध्याकाळी लागेल.

यातलं बरंचसं काहीही इन्स्टॉल न करता तपासता येतं. पेनड्राइव्हवरून लिनक्सचं लाइव्ह सेशन (थेट पेनड्राइव्हवरच चालणारी सिस्टिम) सुरू करा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि स्लीपमधून परत येणं बघा. तुम्ही ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कवरचं विंडोज जागच्या जागी असतं. एवढी एक ओळ त्या मेसेजमध्ये नक्की मावली असती.