बिग्सबीने होलोबॉडी बेसूर होत नाही

होलोबॉडी, म्हणजे आतून पोकळ असलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली की कुणीतरी एक मजकूर हमखास पाठवतं. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या ओळखीच्यांकडून आला, आणि तिघांचाही प्रश्न एकच होता: "मग लावू की नको?" मजकूर थोडक्यात असा: होलोबॉडीला बिग्सबीसारखा व्हायब्रेटो टेलपीस (तारांची बुडाकडची टोकं धरणारा आणि दांडी हलवली की सूर हेलकावणारा भाग) कधीही लावू नका, ती त्यासाठी बनलेलीच नसते. गिटार पुन्हा सुरात राहणार नाही. टॉपला, म्हणजे समोरच्या फळीला, भोकं पाडावी लागतील आणि पातळ टॉप उचकटेल. फ्लोटिंग ब्रिज (तारा पेलणारी, टॉपवर नुसती टेकवलेली घोडी) जागेवर ठरणार नाही. सस्टेन, म्हणजे स्वर टिकून राहणं, मरेल. आणि हट्टच असेल तर आधी रोलर ब्रिज (तारेखाली फिरत्या चकत्या असलेला) आणि लॉकिंग ट्यूनर (तार पकडून ठेवणाऱ्या खुंट्या) घ्या.

यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे, त्याकडे येतोच. बाकीच्यांनी माणसं उगाच घाबरतात आणि मनातला आवाज मनातच ठेवतात, याचं मला वाईट वाटतं.

"होलोबॉडी त्यासाठी बनलेलीच नसते" हे इतिहासाच्या अगदी उलट आहे. कॅलिफोर्नियातले पॉल बिग्सबी हे मुळात यंत्रकाम करणारे, मोटरसायकलींवर हात बसलेले गृहस्थ. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या गिटारवरचा जुना कॉफमन व्हायब्रेटो सारखा सूर सोडायचा, तो त्यांनी बिग्सबींकडे दुरुस्तीला नेला. त्या खटाटोपातून बिग्सबींनी स्वतःचा व्हायब्रेटो घडवला. आणि ट्रॅव्हिस यांची ती गिटार होती गिब्सन एल-१०, म्हणजे पोकळ, फुगीर टॉपची आर्चटॉप. पुढे १९५०च्या दशकाच्या मध्यावर ग्रेच कंपनीने गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्या नावाची ६१२० ही गिटार काढली, तीही पोकळ, आणि तिच्यावर बिग्सबी कारखान्यातूनच बसून यायचा.

आता सुराचं बघू, कारण खरी भीती तिथेच आहे.

बिग्सबीत सूर बिघडवणारं फारसं काही नाही. एक रूळ, त्याला तारा अडकवायच्या सहा छोट्या पिना, एक दांडी आणि दांडीखाली एक स्प्रिंग. रूळ बेअरिंगवर फिरतो आणि स्प्रिंग त्याला जागेवर आणते. अडतं ते तारेच्या वाटेत. दांडी हलवली की प्रत्येक तार नटमधून (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीतून) आणि ब्रिजच्या सॅडलवरून (तार जिथे टेकते त्या तुकड्यावरून) अगदी किंचित सरकते. सरकली तशीच परत आली तर सूर जागेवर. वाटेत कुठे अडकली तर सूर हलला.

कुठे अडकली हे ओळखायची एक साधी खूण आहे, आणि त्या मजकुरात नेमकी तीच नाही. तार सुरात लावा, दांडी एकदा खाली दाबून सोडा आणि सूर दाखवणारा ट्यूनर बघा. तार चढलेली दिसली तर ती नटमध्ये अडकते आहे. दांडी दाबल्यावर तार सैल होते आणि ती जिच्यावर गुंडाळलेली असते त्या खुंटीच्या बाजूला सरकते. परत येताना खाचेने धरून ठेवली तर वाजणारा भाग आधीपेक्षा ताणलेला राहतो. उलट तार उतरलेली दिसली तर दोष ब्रिजकडे शोधा. दांडी वर उचलून सोडली तर हेच निकाल उलटे येतात.

एक मित्र आपली थिनलाइन, म्हणजे पातळ बॉडीची होलोबॉडी घेऊन आला होता. बिग्सबी काढून विकायचं ठरवूनच आला होता. मी फक्त तिसरी तार हळूहळू चढवायला सांगितली. खुंटी फिरत होती, ट्यूनरचा काटा हलत नव्हता, आणि मग नटमधून "टिंग" असा बारीक आवाज येऊन काटा एकदम पुढे उडाला. तो आवाज म्हणजे खाचेत रुतलेली तार सुटल्याचा आवाज. ज्या हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागावर) तीन-तीन खुंट्या दोन्ही बाजूंना असतात तिथे तिसरी आणि चौथी तार नटमधून बाहेर पडून बरीच तिरकी वळते, म्हणून रुततात बहुधा याच दोन. आम्ही तारेच्या जाडीची कानस घेऊन खाच किंचित रुंद केली, मागचा उतार खुंटीच्या दिशेने वळवला, खोली मात्र तसूभरही वाढवली नाही, आणि वर शिसपेन्सिलीचं शिसं घासलं. पाऊण तास गेला असेल. बिग्सबीचा एकही स्क्रू हलवला नाही. ती गिटार आजही त्याच्याकडेच आहे, बिग्सबीसकट.

अर्थात बिग्सबीकडून काय मागायचं याचंही भान हवं. अर्ध्या-एका स्वराचा हेलकावा, लांब कॉर्डच्या शेवटी येणारी ती थरथर, एवढंच त्याचं काम. तारा पार लोंबकळेपर्यंत दांडी दाबायची असेल तर ते काम दुसऱ्या यंत्राचं आहे.

भोकांचा मुद्दा तो अर्धा खरा. बिग्सबी हा एकच टेलपीस नाही, त्याचे प्रकार आहेत, आणि मजकूर लिहिणाऱ्याने सगळ्यांना एका माळेत ओवलं आहे. बी ७ वर पुढे एक आडवी दांडी असते. तारा तिच्याखालून जाऊन ब्रिजवर चढतात, म्हणजे तारांची ओढ त्या सांगाड्याचं पुढचं टोक वर उचलू बघते. ते टोक धरायला टॉपमध्ये दोन स्क्रू लागतात. १९५८ साली आलेल्या गिब्सनच्या ईएस-३३५सारख्या सेमीहोलो, म्हणजे अर्धवट पोकळ गिटारमध्ये मधोमध भरीव ठोकळा असतो, तिथे ते स्क्रू घट्ट बसतात. पूर्ण पोकळ गिटारमध्ये मात्र खाली काही मिलिमीटरची प्लाय आणि त्याखाली हवा. तिथे बी ७ लावू नये, हे मीही बजावून सांगेन.

पण पूर्ण पोकळ गिटारसाठी बी ६ आणि बी ३ आहेत, जाड बॉडीला बी ६ आणि पातळ बॉडीला बी ३. यांना पुढची आडवी दांडी नाही आणि टॉपमध्ये स्क्रू नाहीत. मागची पट्टी बॉडीच्या बुडाशी असलेल्या ठोकळ्यात स्क्रूने बसते आणि बिजागरीवरचा पुढचा भाग टॉपवर नुसता टेकतो. आधीचा साधा, दांडी नसलेला ट्रॅपीझ टेलपीसही त्याच ठोकळ्याला लटकलेला असतो. १०च्या सेटच्या (पहिली तार ०.०१० इंच जाड) सहा तारांची मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोची ओढ तो ठोकळा पहिल्या दिवसापासून पेलतोच आहे. जुन्या पट्टीची भोकं नव्या पट्टीशी जुळतीलच असं नाही, तेव्हा बुडाला दोन-तीन नवी भोकं पडू शकतात. जुनी, मूळ अवस्थेतली गिटार असेल तर त्याचा विचार जरूर करा.

फ्लोटिंग ब्रिज सरकतो, हे खरं. पण तो बिग्सबी नसतानाही सरकतो, कारण व्हायोलिनच्या घोडीसारखा तो केवळ तारांच्या दाबावर उभा असतो. बहुतेक वेळा त्याचा लाकडी पाया टॉपच्या गोलाईला नीट बसलेलाच नसतो, दोन टोकांवर टेकून मध्ये पोकळ राहिलेला असतो. टॉपवर बारीक पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटपट्टीने बसवा आणि ब्रिजचा पाया त्यावर गिटारच्या लांबीच्या दिशेने घासा. उजेडासमोर धरल्यावर फट दिसेनाशी झाली की झालं. मग बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन जुळवून (तिथे दाबलेली तार मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर वाजली पाहिजे) पायाखाली पातळ दुतर्फी चिकटपट्टी लावली तरी ब्रिज जागा सोडत नाही. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर दोन पिना ठोकतात. दांडीबरोबर ब्रिजचा वरचा भाग जरासा झुलताना दिसला तर घाबरू नका. झुलून परत आला तर तो तारेबरोबर चालतो आहे, आणि तारेला सॅडलवर घासावं लागत नाही.

सस्टेनबद्दल एवढंच सांगतो की ती तुलनाच चुकीची आहे. ठोस बॉडीत रुतवलेल्या स्टॉप टेलपीसशी तुलना केली तर होलोबॉडीचा आवाज ट्रॅपीझवरही कमीच टिकणार. ट्रॅपीझ काढून बी ६ लावल्यावर फरक जाणवतो तो तारांच्या हाताला लागणाऱ्या ताणात. आवाज किती वेळ टिकतो त्यात मला कधी जाणवला नाही. मात्र हाताने कोरलेल्या स्प्रूस टॉपची आर्चटॉप, जी ॲम्पशिवाय वाजवायला घेतली आहे, तिच्यावर मी हे जादा वजन चढवणार नाही.

रोलर ब्रिजने फायदा होतो, पण वरची चाचणी करून तार उतरलेली दिसली तरच. आधी सॅडलच्या खाचा तपासा, खडबडीत असतील तर गुळगुळीत करा. लॉकिंग ट्यूनरचं म्हणाल तर साध्या खुंटीवर दोन-तीन वेढे नीट एकाखाली एक बसवले की बहुतेकांना ते लागत नाहीत.

त्या मजकुरात नसलेल्या दोन गोष्टी मात्र लावण्याआधी लक्षात ठेवा. भोक पाडण्यापूर्वी पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी नटपासून रुळापर्यंत दोरा ताणून बघा आणि दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर आले की मगच खूण करा. दुसरी गोष्ट अर्थिंगची. आतून एक बारीक वायर येऊन जुन्या टेलपीसला टेकलेली असते, आणि टेलपीस काढताना ती आत गळून पडते. ती नव्या पट्टीखाली उघड्या धातूला टेकली पाहिजे, रंगाला किंवा लॅकरला नाही. पट्टी घट्ट केल्यावर ॲम्प लावा आणि तारांना हात लावून बघा. हात लागताच गुणगुण कमी झाली तर वायर जोडली गेली आहे. काहीच फरक पडला नाही तर पट्टी पुन्हा सोडवा.