उपगट हायपरबोलिक असेलच असं नाही

लेखात म्हटलंय की पूर्णांकांच्या जोड्यांचा (बेरजेचा) गट, म्हणजे ग्रुप, हायपरबोलिक नाही, म्हणून तो हायपरबोलिक गटाचा उपगट होऊ शकत नाही. निष्कर्ष बरोबर, कारण चूक!

पहिला भाग सरळ आहे. हायपरबोलिक गटात लघुतम मार्गांच्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू उरलेल्या दोन बाजूंपासून एका ठरावीक अंतराच्या (डेल्टाच्या) आत राहते; म्हणून त्याच दोन टोकांमधले दोन लघुतम मार्गही एकमेकांजवळच राहतात. चौकटीच्या कागदावर (०,०) ते (१००,१००) असे दोन लघुतम मार्ग काढा, एक आधी उजवीकडे मग वर, दुसरा उलट. पहिल्याचा कोपरा दुसऱ्यापासून १०० पावलं लांब पडतो. १०० ऐवजी १००० घेतले की १०००. कुठलाच डेल्टा पुरत नाही.

पण हायपरबोलिक गटाचे उपगट हायपरबोलिक नसूही शकतात. रिप्स यांच्या १९८२ च्या रचनेत दोनच जनक (ज्यांपासून बाकी सगळे घटक बनतात असे घटक) असलेला उपगट मिळतो, ज्याच्या वर्णनाला बहुतेक वेळा सांत संबंध (जनकांमधली मोजकी समीकरणं) पुरतच नाहीत. सांत संबंध असूनही हायपरबोलिक नसलेला उपगट ब्रेडी यांनी १९९९ मध्ये दिला. हमी मिळते ती क्वासिकॉन्व्हेक्स उपगटांनाच, म्हणजे ज्यांच्या घटकांमधले लघुतम मार्ग उपगटापासून ठरावीक अंतरातच राहतात त्यांना.

खरं कारण असं: हायपरबोलिक गटात अनंत कोटीचा (ज्याचा कुठलाही धन घात एकक होत नाही असा) घटक घ्या. त्याच्याशी क्रमनिरपेक्ष असणाऱ्या (गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो अशा) सगळ्या घटकांच्या उपगटात त्या घटकाच्या घातांचा चक्रीय गट सांत निर्देशांकाने बसतो, म्हणजे त्याच्या मोजक्याच सरकवलेल्या प्रतींनी तो उपगट भरतो. जोड्यांच्या गटात तो निर्देशांक अनंत होतो. लेखात एवढी दुरुस्ती जरूर करा.