३० हजारांचं मशीन, दाजी आणि घरची कॉफी

गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवरही दिसला, म्हणजे तुमच्यापर्यंतही पोचला असेल. मजकूर साधारण असा: ‘घरची कॉफी कॅफेसारखी का होत नाही? एक, मशीन नाही. निदान ३० हजारांचं लागतं. दोन, बिया परदेशी हव्यात, आपल्याकडच्या कॉफीत चिकोरीची भेसळ असते. तीन, भाजणी जितकी काळी तितकी कॉफी कडक. चार, पाणी खळखळ उकळतं हवं. पाच, बिया फ्रीजमध्ये ठेवल्या की वर्षभर ताज्या. सहा, जायफळ घालणाऱ्यांनी कॉफी पिऊच नये.’ आणि खाली, ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’

ग्रुपवर पाठवणारे आमचे दाजी. सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी असं मशीन आहे, म्हणून पहिल्या मुद्द्यावरच जरा थांबतो.

मशीन आलं त्या रविवारी आम्ही सगळे कौतुकानं जमलो होतो. बटण दाबलं, घरघर झाली आणि दहा सेकंदांत कप भरला. घोट घेतला तर कपबशी विसळल्याचं पाणी! दाजींनी कंपनीला दोष दिला, दुधाला दिला, शेवटी लाइटीच्या व्होल्टेजलाही दिला. दोष पावडरीचा होता. फिल्टर कॉफीसाठी दळलेलं तयार पाकीट त्यांनी मशीनला घातलं होतं. एस्प्रेसोला दाबाखालचं पाणी बारीक पावडरीच्या घट्ट थरातून २५-३० सेकंद झगडत यावं लागतं. दळण भरड असलं की ते वाळूतून निघावं तसं सरळ निघून जातं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५ बार’ लिहिलेलं असतं (बार म्हणजे दाबाचं माप), त्यालाही भुलू नका. एस्प्रेसो साधारण ९ बारवर होते. खोक्यावरचा आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा. सध्या ताई त्या मशीनच्या वाफेच्या नळीनं नातवाचं दूध गरम करते. तेवढं काम मात्र झकास होतं.

पैसे खर्चायचेच असतील तर दळण्यावर खर्चा. हे सांगलीकरांना समजावून सांगायची वेळ यावी, याचंच मला नवल वाटतं. वर्षाची चटणी आपण डंकावर समोर उभं राहून कुटून घेतो. कूट कसं पडतंय ते चिमटीत घेऊन बघतो. कॉफीच्या बाबतीत मात्र कुणी, कधी, कशासाठी दळली याची चौकशी न करता पाकीट उचलतो. घरच्या मिक्सरचं पातं बिया तोडतं. थोडा भुगा होतो, थोडे तुकडे राहतात. एकाच कुकरमध्ये एकाच भांड्यात तूरडाळ आणि अख्खे हरभरे लावल्यासारखं ते होतं. भुग्यातून गरजेपेक्षा जास्त उतरतं आणि कडवटपणा येतो, तुकड्यांतून पुरेसं उतरत नाही आणि कॉफी आंबट, पांचट लागते. हातानं फिरवायचा, जात्यासारखा दळणारा ग्राइंडर २-३ हजारांत मिळतो आणि तो दळण एकसारखं देतो. तोही नको असेल तर मिक्सरचं चटणीचं छोटं भांडं घ्या, दोन-दोन सेकंद फिरवून थांबा, मधे हलवा, आणि बारीक चाळणीनं भुगा काढून टाका. नुसतं घर्र्र करून सोडलं तर पावडर तापते आणि वास तिथेच उडतो.

बाकी साहित्य म्हणाल तर मिरजेत भांड्यांच्या दुकानात मिळणारा दोन मजली स्टीलचा फिल्टर मला पुरतो. २० ग्रॅम पावडर, वर चकती हलकेच दाबून ठेवायची, १२० मिली गरम पाणी, आणि १५-२० मिनिटं त्याच्याकडे बघायचं नाही. खाली जो अर्क उतरतो त्यात गरम दूध. दूध न घालता पिणाऱ्यांनी फ्रेंच प्रेस, म्हणजे दांड्याच्या जाळीनं पावडर तळाशी दाबायचं भांडं, घ्यावा: ३० ग्रॅम भरड पावडर, अर्धा लिटर पाणी, चार मिनिटं. आणि हो, एक छोटा वजनकाटा. चमच्यानं घालणाऱ्याची कॉफी एक दिवस जमते, दुसऱ्या दिवशी का बिघडली ते त्यालाच कळत नाही. गंमत म्हणजे, कागदी गाळणीची कॉफी ज्यामुळे जगात रुळली ती युक्तीही एका गृहिणीची. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्झ यांनी पितळी भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला. मशीन कुठंय यात?

दुसरा मुद्दा परदेशी बियांचा. इटलीत कॉफीचे मळे नाहीत. ‘इटालियन कॉफी’ म्हणजे बाहेरून आणलेल्या बियांवर तिथं केलेली भाजणी, आणि भारतीय कॉफीच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत इटलीच आहे. म्हणजे कर्नाटकातल्या चिकमंगळूर-कोडगूची बी युरोपला जाऊन, भाजून, दामदुप्पट होऊन आपल्याच दारात यायची आणि आपण ती ‘इम्पोर्टेड’ म्हणून मिरवायची. बाबा बुडन या सूफी संतानं सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरजवळ चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका आहे. तो डोंगर सांगलीहून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. मळ्यातून किंवा भाजणाऱ्याकडून थेट मागवा, पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. नुसती ‘बेस्ट बिफोर’ असेल तर खाली ठेवा.

आता चिकोरी. ही एका वनस्पतीची मुळी. भाजून दळली की गडद रंग, दाटपणा आणि थोडी जळक्या गुळासारखी चव देते. तिच्यात कॅफीन नसतं. दक्षिणेतली कितीतरी घरं ती हौसेनं पितात. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. छापलंय तोवर ती भेसळ नव्हे. न सांगता मिसळली किंवा चिंचोक्यांची पूड घातली तर ती भेसळ. शंका असेल तर ग्लासभर गार पाण्यावर चिमूटभर पावडर टाका. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी रंगाची रेघ सोडत खाली जाते. मला स्वतःला दुधाच्या कॉफीत १५-२० टक्के चालते. पण ४९ टक्के चिकोरीचं पाकीट स्वस्तात आणून ‘कॉफीची चवच लागत नाही’ म्हणणाऱ्याला काय सांगणार?

काळी भाजणी म्हणजे कडक कॉफी, हा घोटाळा कडूपणा आणि कडकपणा एकच मानल्यामुळे होतो. जास्त भाजलं की बीचा मूळ गंध जातो, अंगावर तेल सुटतं, कडवटपणा वाढतो. कॅफीनमध्ये फारसा फरक पडत नाही. झोप उडवायची असेल तर जात बघा: अरेबिकापेक्षा रोबस्टात कॅफीन जवळपास दुप्पट असतं. नाहीतर सरळ पावडर वाढवा.

पाण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ वर. हलक्या भाजणीला हे उकळतं पाणी चालतं. काळ्या भाजणीला गॅस बंद करून मिनिटभर थांबा. चूक होते ती पावडरच पातेल्यात टाकून चहासारखी कढवण्यात. त्यापेक्षा पाणी कुठलं घेताय ते बघा. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यानं किटलीला सहा महिन्यांत पांढरी खपली धरली, आणि त्या पाण्याची कॉफी मुकी लागायची. नळाचं कृष्णेचं पाणी गाळून घेतलं तशी तीच पावडर बोलायला लागली.

फ्रीजबद्दल एवढंच: आत-बाहेर होताना बियांवर ओल धरते, आणि शेजारच्या लसणाच्या चटणीचा वास त्या सहज उचलतात. हवाबंद डबा, अंधारं फडताळ. भाजल्यावर आठवडाभर थांबून पुढच्या महिना-दीड महिन्यात संपवा. एकदम जास्त आणल्यात तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. मात्र एक पुडी बाहेर काढली की परत आत नाही.

राहिलं जायफळ. इथं मात्र माझा आवाज चढतो. अरबस्तानात कॉफीत वेलदोडा घालतात, आणि जगाला कॉफीची चटक लावली ती त्याच मुलखानं. त्यांना कुणी ‘पिऊ नका’ म्हणत नाही. आपल्याकडे बारशाला, साखरपुड्याला, गणपतीतल्या जागरणाला पातेलंभर कॉफी व्हायची ती जायफळाचीच. शिळ्या पावडरीचं पाप झाकायला ते वापरत असाल तर दाजींचं म्हणणं थोडंफार मान्य. पण ताज्या अर्कात म्हशीचं दूध घालून त्यात जायफळ पडू द्या, मग बोलू. आई अजून ते सहाणेवर चार वेढे उगाळूनच घालते. किसलेलं तिला चालत नाही. गेल्या रविवारी दाजींनी त्या कॉफीचे दोन कप घेतले. मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे.